दोघी पाण्यात, मी काठावर

काही घरांत रिकाम्या बरण्या साठतात, काही घरांत जुन्या लग्नपत्रिका. माझ्याकडे सुनंदा आणि कल्पनाचे किस्से साठलेत. ठरवून एकही गोळा केला नाही. त्या दोघी धावायच्या, सायकल चालवायच्या, पोहायच्या; आणि मी त्यांचे टॉवेल, चपला, मोबाईल सांभाळत कुठंतरी उभी असायची. उभ्या माणसाला दुसरं काम काय? पाहणं आणि घाबरणं!

आम्ही तिघी बारावीला भंडाऱ्याच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. पुढं मी नर्स झाले. अड्याळच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात आहे. नाव शारदा, पण सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. सुनंदा मेश्राम प्राथमिक शाळेत शिक्षिका, अड्याळलाच राहते. कल्पना फॅक्टरीत लागली, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये असते. तिघींनीही चाळिशी ओलांडली आहे.

लोक विचारतात, “मैत्रिणींकडून तुला प्रेरणा मिळत असेल ना?” मिळते. पण ती आधी पोटात गोळा होऊन येते.

*

सुरुवात कल्पनाच्या फोननं झाली.

“शारदा, मी अन् सुनंदा ट्रायथलॉन करून राहिलो.”

“बरं. फॉर्म कुठं भेटते त्याचा? तहसीलमध्ये?”

मग तिनं समजावून सांगितलं. समुद्रात जवळपास दोन किलोमीटर पोहायचं. बाहेर आलं की नव्वद किलोमीटर सायकल. सायकलवरून उतरलं की एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं एकाच दिवशी, साडेआठ तासांच्या आत.

“अन् हे अर्धं हाय बरं का! पुरं याच्या डबल रायते.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हळूच विचारलं, “कल्पना, घरी काही झालं का?”

घरी काही झालं नव्हतं. तिच्या फॅक्टरीतल्या कुणीतरी ही स्पर्धा पुरी केली होती, त्याचे फोटो तिनं पाहिले होते, आणि ते तिच्या डोक्यातून जात नव्हते. तिनं सुनंदाला फोन केला आणि सुनंदा हो म्हणाली. कल्पना निदान लहानपणी मामाच्या गावच्या तलावात पोहलेली. सुनंदाला तर बादलीतल्या पाण्याव्यतिरिक्त पाण्याचा अनुभव नाही!

“अन् मी काय करू?”

“तू आमची मेडिकल टीम.”

पहिल्या रविवारी मी बीपीचं मशीन घेऊन गेले. सुनंदाचं बीपी एकशे अठरा-शहात्तर. कल्पनाचं एकशेवीस-ऐंशी. मग कल्पना म्हणाली, दाखव तुझा हात. पट्टा फुगला, उतरला, आकडा आला एकशे बासष्ट-शंभर.

कल्पनानं गंभीर चेहऱ्यानं पट्टा काढला. “सॉरी, सिस्टर. तुमाले स्पर्धेत भाग घेता येत नाही.”

*

सुनंदा पहाटे अड्याळच्या रस्त्यावर धावायला लागली. आपल्याकडे बाई रस्त्यानं धावली की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर तिची बस चुकली, नाहीतर घरी कोणी गेलं.

तिसऱ्याच दिवशी बस तिच्या पुढं जाऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. “या ना मॅडम, थांबलो आम्ही!”

“नाही भाऊ, मी धावून राहिली.”

“मंग आता कायले धावता? बस थांबली ना!”

मला हे कळलं आणि काळजी वाटायला लागली. सुनसान रस्ता, एकटी बाई. दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटीवर तिच्या मागं निघाले. समोर सुनंदा, पंधरा-वीस फुटांवर मी. हेल्मेट घातलेलं, थंडी म्हणून तोंडाला स्कार्फ, एका हातात ग्लुकोजची बाटली. “जोरात श्वास घे!” मी मागून ओरडायची. “थांबू नको!”

दोन किलोमीटर गेलो असू. धानाच्या बांधीतून एक काका विळा हातात घेऊन धावत रस्त्यावर आले. सुनंदाला त्यांनी जाऊ दिलं आणि माझ्या स्कूटीसमोर आडवे झाले.

“कोन हाय तू? काहून त्या मॅडमच्या मांगं लागली?”

मी स्कार्फ काढला, सिस्टर आहे म्हणून सांगितलं. ते मला ओळखतही होते. त्यांच्या नातवाला मीच लस दिली होती. तरी त्यांचा विळा खाली येईना.

“तुमी सिस्टर आहा ना? मंग बाटली घेऊन पळवून काहून राहिल्या तिले? इथंच पाजून द्या ना!”

*

पावसाळ्यात रस्ते चिखलानं भरले, तेव्हा कल्पनानं सायकल घरात आणली. मागचं चाक एका स्टँडमध्ये अडकवलं की सायकल जागच्या जागी चालते. त्याला ट्रेनर म्हणतात.

तिच्या सासूबाई गावाहून नुकत्याच आल्या होत्या. उभा जन्म धानाच्या शेतीत गेलेला. बोलणं कमी, पाहणं जास्त. पहिल्या दिवशी त्या सोफ्यावर बसून सगळं पाहत राहिल्या. सून हॉलच्या मधोमध सायकलवर, समोर पंखा, अंगातून घामाच्या धारा. अर्धा तास झाला. तास झाला. चहा झाला. पुन्हा येऊन पाहिलं, सून तिथंच.

मी तेव्हा कल्पनाच्या गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन गेले होते. सासूबाईंनी मला दारातच अडवलं, बाजूला घेतलं. चेहरा पार उतरलेला.

“अवो सिस्टर, हिले पाहा ना. दोन घंट्यापासून चालवून राहिली, अन् अजून हॉलमधीच हाय!”

*

पोहायला शिकवलं देवाजीकाकांनी. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये मासेमारी करतात. ढिवर माणूस, साठी उलटलेली, अंगावर मांस नाही पण पाण्यात गेले की पाणी त्यांना वाट देतं. सुनंदाच्या शाळेत त्यांची नात होती, त्या ओळखीनं ते तयार झाले.

अडचण एकच. दोघी पोहायच्या कपड्यांत आल्या, म्हणजे पार घोट्यापर्यंत झाकलेल्या, तरी काका लाजले. ते काठावर पाण्याकडं पाठ करून बसले आणि शिकवायला लागले!

“काका, न पाहता कसं शिकवाल?”

“आयकून राहिलो ना मी.” आणि खरंच, बिडी ओढत, रस्त्याकडं तोंड करून ते सांगायचे, “मॅडम, तुमचा डावा पाय आवाज करून नाही राहिला. झोपला काय तो?” सुनंदा डावा पाय हलवायची. “हां, आता उठला.”

ते न पाहता शिकवायचे, म्हणून पाहायचं सगळं काम माझ्यावर. मी दोघींच्या कमरेला नारिंगी फुगे बांधले होते. पण फुगा तरंगतो म्हणजे माणूस तरंगतंच असं नाही, म्हणून मी डोकी मोजायची. एक, दोन. एक, दोन. पापणी लवायची भीती वाटायची. कधी एक डोकं दिसेनासं झालं की मी घोट्यापर्यंत पाण्यात शिरायची. मग ते वर यायचं, मग मी श्वास घ्यायची. त्या दोघींपेक्षा मीच जास्त वेळ श्वास रोखून धरला असेल.

एका सकाळी धुकं होतं. मी मोजलं. एक, दोन, तीन.

पुन्हा मोजलं. तीन.

“काका! पाण्यात तिसरं कोणीतरी हाय!”

काकांनी मान न वळवता कान दिला. “म्हैस हाय, सिस्टर. तिले मोजू नका. तिले येते.”

*

हा किस्सा आता हसून सांगते, पण त्या दिवशी मला हसू येत नव्हतं.

स्पर्धेला दीड महिना होता. कल्पना एकटी नव्वद किलोमीटरला निघाली होती. जवाहरनगरहून पवनीच्या अलीकडंपर्यंत आणि परत. दर तासाला फोन करायचा असं ठरलं होतं. माझ्याकडे त्या दिवशी लसीकरण. बाहेर बायांची रांग, आत लेकरांच्या रडण्याचा आवाज, आणि टेबलावर माझा फोन.

दहाला फोन आला. अकराला आला नाही. साडेअकराला मी लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या रस्त्यानं रेतीचे ट्रक कसे जातात ते मला माहीत आहे. त्या ट्रकांखाली आलेल्यांना आधी आमच्याच केंद्रात आणतात.

बाराला फोन उचलला गेला. आवाज पुरुषाचा, म्हातारा.

“हा फोन कल्पनाचा हाय ना? ती कुठं हाय?” मी विचारलं.

“बाई इथं पडून हाय.”

मी रांगेतल्या बाईला हातानं थांबवलं. “बोलते का?”

“नाही बोलत.”

“डोळे उघडे हायेत का?”

“नाही जी. बंद हायेत.”

मी गावाचं नाव विचारलं, दुसऱ्या सिस्टरला बसवलं आणि स्कूटी काढली. सोबत बँडेज, सलाईन, हाताला येईल ते. वाटेत सुनंदाला फोन केला. ती वर्ग सोडून निघाली. मी सगळ्या रस्त्यानं कल्पनाच्या सासूबाईंना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. एकही जुळेना.

गाव आलं. फाट्यावर प्रवासी निवारा. बाहेर सायकल नीट टेकवलेली. आत सिमेंटच्या बाकावर कल्पना हेल्मेट उशाला घेऊन घोरत होती! शेजारी एक आजोबा दुपट्ट्यानं तिच्या तोंडावरच्या माशा हाकलत बसले होते.

मी तिला गदागदा हलवलं. ती उठून बसली, मला पाहिलं, माझ्या हातातली सलाईनची बाटली पाहिली. “काय झालं? कोनाले लागलं?”

मला रडू फुटलं. आजोबांवर ओरडले, “तुम्ही तर म्हणाले बाई पडून आहे!”

आजोबा गोंधळले. “मंग पडूनच तं होती. पडली म्हनलं काय मी?”

*

स्पर्धेला आम्ही तिघी गेलो. दोन दिवसांची रेल्वे, सोबत सुट्या करून खोक्यांत भरलेल्या सायकली आणि सासूबाईंनी दिलेले तिळाचे लाडू. समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला तो मुळीच आवडला नाही. गोसीखुर्दचं पाणी मोठं आहे, पण पलीकडं झाडं दिसतात. इथं पलीकडं काहीच नाही!

सकाळी शेकडो लोक पाण्यात शिरले, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. मी मोजायला गेले आणि हात जोडले. शेकडो डोक्यांतली माझी दोन कोणती?

चाळीस मिनिटांनी लोक बाहेर यायला लागले. पंचावन्न मिनिटांनी कल्पना आली, माझ्याकडं न पाहता सायकलीकडं धावली. तासानंतर माणसं विरळ झाली. मी पाण्याच्या काठाकाठानं चालत राहिले. मग बचाव पथकाची छोटी नाव आली. तिच्यात टॉवेल गुंडाळून सुनंदा बसली होती.

तिला काही लागलं नव्हतं. लाट तोंडावर आली, पाणी नाकात गेलं, दम कोंडला आणि तिनं हात वर केला. एवढंच. मी नाडी पाहिली, पाठ चोळली. ती दातांवर दात वाजवत म्हणाली, “मी भेली, शारदा. दुसरं काही नाही झालं. भेलीच मी.”

मग तिनं कोरडे कपडे घातले आणि दुपारी कल्पना धावताना दिसली तेव्हा बाहेरच्या बाजूनं तिच्यासोबत धावायला लागली. एक किलोमीटर, दोन, तीन. साडेआठ तासांतली शेवटची सहा मिनिटं उरली होती तेव्हा कल्पनानं रेषा ओलांडली आणि पलीकडं बसली. सुनंदा टाळ्या वाजवत होती. तिचे हात थांबत नव्हते.

कल्पनानं सासूबाईंना फोन लावला.

“पयली आली का?”

“नाही, आई.”

“मंग शेवटची?”

“नाही. माझ्या मांगं चौदा जण होते.”

मग सासूबाई काळजीनं म्हणाल्या, “अवो बाप्पा! त्यायच्या घरी कोनी सांगतलं का? वाट पाहून राहिले असतीन.”

*

परत आल्यावर शाळेत पोरांनी सुनंदाला घेरलं. “मॅडम, कितवा नंबर आला?”

तिनं काही लपवलं नाही. फळ्यावर समुद्र काढला, किनारा काढला, आपण कुठपर्यंत गेलो तिथं फुली मारली. “इथं मले भेव लागलं. मी हात वर केला. त्या लोकायनं मले बाहेर काढलं.”

चौथीतली एक मुलगी विचार करून म्हणाली, “मॅडम, गणिताच्या पेपरातबी असा हात वर केला तं चालते का?”

सुनंदा हे सांगताना हसली. पण त्यानंतर ती पाण्याजवळ गेली नाही.

धावायची, सायकल चालवायची. रविवार आला आणि कल्पना पोहायला निघाली, की सुनंदाला शाळेचं काम निघायचं. आधी नोंदी, मग परीक्षा, मग पाहुणे. मी तर मनातल्या मनात सुटलेच होते. मोजायला एकच डोकं! पण ते एक डोकं मोजताना माझी नजर दुसरं शोधत राहायची, आणि ते मला बरं वाटायचं नाही.

*

मे महिन्यात देवाजीकाका स्वतः सुनंदाच्या घरी गेले. बसलेसुद्धा नाहीत. दारातूनच म्हणाले, “पानी उतरलं हाय, मॅडम. उद्या सकाळी या.” आणि निघून गेले.

ती आली.

काकांनी त्या दिवशी मासेमारीचा डोंगा काढला होता. मला म्हणाले, “सिस्टर, आज काठावर नका राहू. डोंग्यात बसा.” मी आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. पण सुनंदा कपडे बदलून उभी होती, तिच्या ओठांना रंग नव्हता, आणि मी नाही म्हणू शकले नाही. हवेची ट्यूब छातीशी धरून डोंग्यात बसले.

पलीकडच्या बाभळींपर्यंत जायचं होतं. कल्पना पुढं गेली. सुनंदा मागं, आम्ही तिच्या बाजूनं. काका उभ्यानं बांबू रेटत होते. पाण्याकडं पाठ करायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. मी मोजत नव्हते; एकच डोकं पाहत होते. डावा हात, उजवा हात, श्वास. डावा, उजवा, श्वास.

अर्ध्यात आल्यावर श्वास चुकला.

तिनं मान वर काढली. तोंड उघडं, डोळे मोठे. हात पाण्यावर आपटायला लागले. मी ट्यूब फेकली, ती भलतीकडंच पडली. काठ इकडूनही दूर, तिकडूनही दूर. कल्पना पार पुढं.

“काका, तिला आत घ्या! आधी तिला आत घ्या!”

काकांनी बांबू तिच्यासमोर धरला. तिनं दोन्ही हातांनी पकडला. आता ते तिला डोंग्याकडं ओढतील असं मला वाटलं. त्यांनी ओढलं नाही. बांबू काखेत दाबला, वल्ह्यानं डोंगा डावीकडं वळवला आणि तिला घेऊन दुसरीकडंच निघाले!

“काका! काय करता?”

“ओरडू नका, सिस्टर. मॅडम, सोडू नका. दहा हात फक्त. आलं. आलंच.”

ते पाण्याकडं पाहतच नव्हते. एकदा बाभळींकडं पाहायचे, एकदा मागच्या टेकडीकडं, आणि वल्हं थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. सुनंदाला खोकला लागला होता. मी डोंग्याच्या कडेवरून तिचं मनगट धरून ठेवलं होतं. तिची नाडी माझ्या बोटांखाली धावत होती.

काका थांबले.

“आता पाय खाली सोडा.”

“नाही, काका!”

“सोडा म्हनतो ना.”

तिनं डोळे मिटले आणि पाय सोडले. आणि ती उभी राहिली.

पाणी तिच्या कमरेला होतं. चहूकडं बॅकवॉटर पसरलेलं आणि त्याच्या मधोमध सुनंदा उभी! खोकत, रडत, दोन्ही हात पाण्यावर ठेवून. कल्पना वळून आली, तिनंही पाय टेकले. ती तळपायानं चाचपत राहिली. “दगड हायेत. सपाट.” मग थोडं सरकून म्हणाली, “शारदा, इथं पायरी हाय गं.”

मी काकांकडं पाहिलं. काकांचं जुनं गाव धरणात गेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते नेमकं कुठं होतं, हे आमच्यापैकी कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

“सिस्टर, तुमीबी उतरा.”

मी साडी खोचली, काकांचा हात धरला आणि उतरले. पायाखाली गार, गुळगुळीत, किंचित बुळबुळीत दगड. सुनंदानं माझा एक हात धरला, कल्पनानं दुसरा. काका सगळ्यांत शेवटी उतरले, डोंग्याची दोरी मनगटाला गुंडाळली आणि तळहातानं समोरचं पाणी दोनदा बाजूला सारलं.

“बसा ना, मॅडम,” ते म्हणाले. “उभ्या काहून? आमचाच ओटा हाय.”